मेल तेच, नाव नवं: ईमेल सर्व्हरचा बॅकअप कमी लाइनवर गावाबाहेर कसा न्यायचा

८० मेलबॉक्स, ५०० जीबी साठा, २५ लाखांच्या घरात फायली आणि वर जाणारा वेग २० एमबीपीएस. बेळगावच्या उद्यमबागेतलं मशिनिंग युनिट असो, निपाणीची पतसंस्था असो की चिक्कोडी-अथणी भागातला साखर कारखाना, स्वतःचा मेल सर्व्हर बाळगणाऱ्यांचं गणित याच्या आसपास येतं. पुढचं सगळं पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम) आणि डोव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा), मेल मेलडिर पद्धतीनं साठवलेलं, असं धरून लिहिलं आहे.

आधी हिशेब. माणशी दिवसाला ६० मेल, सरासरी २०० केबी. म्हणजे रोज नवा माल जेमतेम १ जीबी. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. १ जीबी सात मिनिटांत जायला हवा. तरी सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा आरसिंक (बदललेल्या फायली दुसऱ्या यंत्रावर नेणारा प्रोग्राम) चालूच असतं. ऑपरेटर म्हणतो लाइन वाढवा. लाइन वाढवण्याआधी खरंच काय जातंय ते बघा: आरसिंकला --स्टॅट्स लावा आणि शेवटी येणारा "पाठवलेले एकूण बाइट" हा आकडा आठवडाभर वहीत उतरवा. तो रोजच्या नव्या मालाच्या दुप्पट-तिप्पट असेल तर दोष लाइनचा नाही.

नाव बदललं की मेल नवा

मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल. मेल आला की ती "न्यू" फोल्डरमध्ये पडते. मेल प्रोग्रामनं इनबॉक्स उघडला की ती "कर" (cur) फोल्डरमध्ये सरकते आणि नावाच्या शेवटी कोलन, दोन, स्वल्पविराम असं शेपूट लागतं. वाचला की शेपटात एस येतो, उत्तर दिलं की आर, तारांकित केला की एफ. आतला मजकूर एका अक्षरानंही बदललेला नसतो. पण आरसिंक ओळखतं ते नावानं. त्याच्या दृष्टीनं जुनी फाइल गेली आणि नवी आली. म्हणून काल रात्री "न्यू" मध्ये असताना गेलेला मेल आज "कर" मधून पुन्हा जातो, आणि परवा उत्तर दिलं की तिसऱ्यांदा.

खरा दणका बसतो तो फोल्डर हलवल्यावर. हिशेबनीसानं मार्चअखेरीस वर्षभराचे ३० जीबी मेल इनबॉक्समधून "जुने" मध्ये ओढले, की त्या रात्री ३० जीबी नव्यानं जाणार. २० एमबीपीएसवर तीन तास वीस मिनिटं, तीही लाइन पूर्ण मोकळी असेल तर.

आरसिंकला --फझी नावाचा पर्याय आहे. तो पलीकडच्या टोकाला मिळतीजुळती फाइल शोधून तिच्यावर फरक बसवतो. पण तो त्याच फोल्डरमध्ये शोधतो, त्यामुळे "न्यू" ते "कर" या प्रवासात त्याचा उपयोग शून्य. शिवाय डिलीट आधी झालं तर जुळणारी फाइलच उरत नाही, म्हणून त्याच्याबरोबर --डिलीट-आफ्टर लावावं लागतं. आणि एका फोल्डरमध्ये लाखभर मेल असतील तर प्रत्येक नव्या नावासाठी सगळी यादी चाळत बसल्यानं प्रोसेसर तापतो. लहान फोल्डरांना ठीक, मोठ्या इनबॉक्सला नको.

मग वापरायचं काय

दोन्ही टोकांना झेडएफएस (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) असेल तर प्रश्न जवळपास संपला. झेडएफएस सेंड नावाकडे बघतच नाही, दोन स्नॅपशॉटमध्ये (डिस्कच्या त्या-त्या क्षणी गोठवलेल्या चित्रांत) बदललेले ब्लॉक तेवढे पाठवतं. फाइलचं नाव बदललं तर फोल्डरच्या यादीचे चार ब्लॉक जातात, मेल जात नाही. २५ लाख फायली एकेक करून तपासायचा वेळही वाचतो. साध्या हार्ड डिस्कवर नुसत्या त्या तपासणीत सहज तासभर जातो. पाठवताना छोटा सी (-c) लावा म्हणजे डिस्कवर दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेला डेटा तसाच दाबलेला जाईल. घेणाऱ्या बाजूला छोटा एस (-s) लावा म्हणजे लाइन तुटली तर टोकन मिळतं आणि तिथूनच पुढे सुरू करता येतं. हा छोटा एस विसरला, की तिसऱ्या तासाला तुटलेली पाठवणी शून्यापासून.

झेडएफएस नसेल तर रेस्टिक किंवा बॉर्ग हे बॅकअप प्रोग्राम. दोघंही फाइलचा मजकूर तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याचा ठसा काढतात. ठसा ओळखीचा असेल तर तुकडा पुन्हा पाठवत नाहीत. नाव बदललेली फाइल इथल्या डिस्कवरून पुन्हा वाचली जाते खरी, पण लाइनवर जात नाही. तुमच्याकडे टंचाई लाइनची आहे, डिस्कची नाही, तेव्हा हा सौदा फायद्याचा. पुढे रेस्टिक धरून सांगतो. बॉर्ग वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १.२ पासून प्रूननंतर (जुने बॅकअप छाटल्यावर) वेगळं कॉम्पॅक्ट चालवल्याशिवाय डिस्कवर जागा मोकळी होत नाही.

डोव्हकॉटचं स्वतःचं डोव्हअॅडमिन बॅकअपही आहे. ते मेलची अंतर्गत ओळख धरून जुळवतं, त्यामुळे वाचलं-न वाचलं एवढीच खूण पाठवतं. पलीकडे तयार सर्व्हर उभा ठेवायचा असेल तर उत्तम. मात्र तो बॅकअप नव्हे, आरसा आहे: इथे मेल पुसला की तिथेही पुसला जातो. दिशा चुकून उलटी दिली तर रिकाम्या सर्व्हरची प्रत भरलेल्यावर चढते. आणि डोव्हकॉट २.४ मधून दोन सर्व्हर आपोआप जुळवत ठेवणारं रेप्लिकेटर प्लगिन काढून टाकलं आहे. त्याच्या भरवशावर असाल तर आवृत्ती बदलण्याआधी दुसरी सोय करा.

रेस्टिक लावताना

पहिली गोष्ट, चालत्या मेलडिरवर थेट बॅकअप घेऊ नका. वाचता वाचता फायली नाव बदलतात आणि "फाइल सापडली नाही" अशा तक्रारींचा लॉग भरतो. आरसिंकमध्ये हाच प्रकार बाहेर पडतानाच्या कोड २४ नं दिसतो. तो एकटा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण २३ आला तर यादी उघडून बघायलाच हवी. एलव्हीएमचा (लिनक्समधली डिस्कचे भाग सांभाळणारी सोय) स्नॅपशॉट घ्या, फक्त वाचण्यापुरता माउंट करा (जोडा), त्यावरून बॅकअप घ्या, संपलं की काढून टाका. साध्या स्नॅपशॉटला ५०० जीबीमागे ५० जीबी जागा ठेवा. ही जागा बॅकअप चालू असताना भरली तर स्नॅपशॉट बाद होतो आणि अर्ध्यावर वाचनाच्या चुका सुरू होतात.

स्नॅपशॉट रोज एकाच जागी माउंट करा. तारीख घातलेला नवा फोल्डर रोज बनवायची हौस असते. तसं केलं तर रेस्टिकला कालचा बॅकअप याचाच आहे हे कळत नाही आणि ५०० जीबी पहिल्यापासून वाचून काढतं. स्नॅपशॉटला लिनक्सनं दिलेला डिव्हाइस क्रमांक रोज बदलत असेल तर फायलींची माहितीही नव्यानं चढते. ०.१७ पासून हे टाळायला "डिव्हाइस-आयडी-फॉर-हार्डलिंक्स" नावाचं फीचर फ्लॅग (हातानं चालू करायची सोय) आहे, ते चालू करा.

आता एक जागा जिथे बरेच जण अडकतात. रेस्टिक प्रत्येक फोल्डरमागे एक यादी साठवतं: फाइलचं नाव, वेळ, मालक, आकार, ठसे. फोल्डरमधली एक फाइल जरी बदलली तरी ती यादी पूर्ण नव्यानं लिहिली जाते. एका फाइलची नोंद साधारण ४५० बाइट धरा. लाखभर मेलच्या इनबॉक्सची यादी मग ४५ एमबी, आणि इनबॉक्स तर रोजच बदलतो. ८० जणांचे ३०-३० हजार मेल एकाच फोल्डरमध्ये असतील तर नुसत्या याद्याच दाबण्याआधी रोज १ जीबीपर्यंत जातात, म्हणजे नव्या मेलइतक्याच! रेस्टिक ०.१४ पासून भांडाराची (बॅकअप साठतो ती जागा) दुसरी आवृत्ती वापरली तर याद्या दाबून जातात, त्यामुळे भार बराच उतरतो. भांडार जुनं असेल तर ते आधी बदलून घ्या.

पण मुळावरचा उपाय म्हणजे इनबॉक्स लहान ठेवणं. डोव्हअॅडमिन मूव्ह वापरून गेल्या वर्षाआधीचे मेल "आर्काइव्ह" खाली वर्षवार फोल्डरांत हलवा. २०२३ चा फोल्डर कुणी उघडत नाही, बदलत नाही, त्याची यादी पुन्हा जात नाही. हे काम जानेवारीत एकदा करा. जीएसटीच्या धांदलीत, महिन्याच्या ११ किंवा २० तारखेच्या आसपास, नको.

काय घ्यायचं, काय गाळायचं

मेलडिरमध्ये "टीएमपी" फोल्डर, डोव्हकॉटची कॅश फाइल आणि शोधासाठीचा इंडेक्स गाळा. तिन्ही पुन्हा तयार होतात आणि शोधाचा इंडेक्स रोज नखशिखांत बदलतो. जंक गाळलं तरी चालेल. ट्रॅश मात्र ठेवा. परत मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा तिथून पुसलेलाच मेल मागायला येतो.

"डोव्हकॉट-यूआयडीलिस्ट" चुकूनही गाळू नका. इंडेक्ससारखी दिसते म्हणून लोक ती फेकतात. प्रत्येक मेलला दिलेला क्रमांक तिच्यात असतो. ती नसताना मेल परत आणले तर क्रमांक नवे पडतात आणि प्रत्येक आउटलुक, प्रत्येक मोबाइल अख्खी पेटी पुन्हा उतरवून घ्यायला लागतो. ऑफिसातले लोक लॅनवर आहेत, निभावेल. बाहेर फिरणारे सेल्सवाले त्याच २० एमबीपीएसवर तुटून पडतील. "डोव्हकॉट-कीवर्ड्स" सुद्धा बरोबर न्या, नाहीतर रंगीत लेबलं जातात.

साठवण मेलडिरऐवजी एमडीबॉक्स (एका फाइलमध्ये अनेक मेल ठेवणारी पद्धत) असेल तर वरचा नियम उलटा. तिथे वाचल्याच्या खुणा फक्त इंडेक्समध्ये असतात, म्हणून इंडेक्ससकट सगळं घ्यायचं.

आपल्या भागातली एक खास अडचण. इथल्या ऑफिसांत कुणी फोल्डरला "बिलं" नाव देतं, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत. डिस्कवर मराठी-कन्नड नावं बहुतेक सेटअपमध्ये सुधारित यूटीएफ-७ मध्ये पडतात: अँड चिन्हानं सुरू, मधे रोमन अक्षरांचा गोंधळ, शेवटी डॅश. गाळायच्या यादीत "कचरा" असं देवनागरीत लिहिलंत तर ते कशालाच लागू पडणार नाही, चूकही दाखवणार नाही. डिस्कवर दिसतं तसंच नाव यादीत उतरवा. आणि असं नाव कमांडमध्ये हातानं टाकताना अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर शेल अँड चिन्हापाशी कमांड तोडून पहिला भाग मागे पळवतं.

मेलबरोबर हेही लागतं: पोस्टफिक्स आणि डोव्हकॉटची सेटिंग्ज, यूजरांचा डेटाबेस, डीकेआयएमच्या (जाणाऱ्या मेलवर सही करणाऱ्या) किल्ल्या, प्रमाणपत्रं, सीव्हचे (मेल आपोआप फोल्डरांत लावणारे) नियम आणि वेबमेलचा डेटाबेस, कारण लोकांचे पत्ते त्यात असतात. डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा) --सिंगल-ट्रान्झॅक्शननं स्नॅपशॉटच्या आधी घ्या. डंप बाहेरून जीझिप करू नका. दाबलेली फाइल एका ओळीच्या बदलानं तिथून पुढे सगळी वेगळी होते आणि रोज पूर्ण चढते. पोस्टफिक्सची रांग न्यायची गरज नाही. मेलचे लॉग न्या: सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस आणि भारतातच ठेवायचे आहेत, तेव्हा पलीकडचा सर्व्हर निवडतानाही हे ध्यानात असू द्या.

जीझिपचाच न्याय मेललाही लागतो. डोव्हकॉटचं मेल दाबून ठेवणारं प्लगिन डिस्क वाचवतं, पण एकच ५ एमबीचं ड्रॉइंग आठ जणांना वेगवेगळं फॉरवर्ड झालं असेल, तर प्रत्येक मेलचं शीर्ष वेगळं, म्हणून दाबलेला प्रवाह वेगळा, म्हणून आठही प्रती स्वतंत्र जातात. न दाबलेल्या मेलमध्ये जोडणीच्या आतले काही तुकडे तरी जुळू शकतात. रेस्टिकचे तुकडे ५१२ केबी ते ८ एमबी, सरासरी १ एमबीचे असतात. त्यामुळे ३०० केबीच्या बिलांना हा लाभ मिळत नाही, ड्रॉइंग पाठवणाऱ्यांना मिळतो. फाउंड्री आणि मशिनिंगवाल्यांनी म्हणून सर्व्हरवर मेल न दाबलेले बरे.

पहिली खेप बसनं

५०० जीबी, २० एमबीपीएस: ५५ तास सलग. रात्रीचे आठच तास दिले तर सात रात्री. त्यापेक्षा यूएसबी डिस्कवर रेस्टिकचं भांडार बनवा, पहिला बॅकअप त्यावर घ्या आणि डिस्क माणसाबरोबर पाठवा. बेळगावहून बेंगळूरूची रात्रीची बस दहा तासांची धरली तरी ५०० जीबीचा वेग १११ एमबीपीएस पडतो. तिथे भांडार सर्व्हरवर उतरवून घेतलं की पुढच्या रात्रीपासून त्याच भांडारात फरक तेवढा जातो. भांडार कूटबद्ध असतं, डिस्क वाटेत हरवली तर नुकसान डिस्कचं. पासवर्ड मात्र त्याच पिशवीत चिठ्ठीवर नको. आणि तो फक्त मेल सर्व्हरवरही नको, कारण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो सर्व्हरच नसेल.

मेलडिर जशीच्या तशी कॉपी करून नेणार असाल तर डिस्क एक्स्ट४ (लिनक्सची फायली मांडायची पद्धत) मध्ये फॉरमॅट करा. दुकानातून येते ती एक्सफॅट असते आणि तिला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. वाचलेल्या प्रत्येक मेलच्या नावात तो आहे.

डिस्क कुठे न्यायची? निपाणीहून कोल्हापूर जवळचं, ओळखीचं, म्हणून पहिलं सुचतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगेचं आणि कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पंचगंगेचं पाणी एकाच सुमारास महामार्गावर होतं. दोन्ही प्रती एकाच पुरात अडकणार असतील तर दुसरी ठेवून काय उपयोग? बेंगळूरू किंवा मुंबई बरी.

लाइन आणि वेळ

रेस्टिकच्या --लिमिट-अपलोडचा आकडा सेकंदाला किबीमध्ये (१०२४ बाइट) असतो, एमबीपीएसमध्ये नाही. रात्री २०००, दिवसा लागलाच तर ५००. चालू असताना तो बदलत नाही. थांबवून नव्या आकड्यानं सुरू करा, नोंद झालेले तुकडे पुन्हा जात नाहीत. पॅकचा (तुकडे एकत्र बांधून पाठवायची फाइल) आकार मूळचा १६ एमबी असतो, तो तसाच ठेवा. वाढवला तर पावसाळ्यात लाइन तुटली की तेवढा मोठा पॅक परत पाठवावा लागतो.

टायमरमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कमांड फ्लॉकमध्ये (एका वेळी एकच चालू देणारं कुलूप) गुंडाळा, नाहीतर कालचा बॅकअप संपला नसताना आजचा सुरू होतो आणि दोघं मिळून लाइन बसवतात.

वायरगार्ड व्हीपीएनमधून पाठवत असाल आणि कनेक्शन पीपीपीओईचं (यूजरनेम-पासवर्डनं जोडलं जाणारं) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४१२ करा. मूळचा १४२० हा १५०० बाइटच्या लाइनसाठी आहे. पीपीपीओईवर १४९२ च उरतात. लक्षण ठरलेलं: लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, मोठी पाठवणी सुरू झाली की गोठते. पलीकडचं टोक कुणाच्या घरी किंवा शाखेत, सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता) असेल तर त्या टोकावर पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ (दर २५ सेकंदांना जोडणी जागी ठेवणारं पाकीट) ठेवा.

घेणारा सर्व्हर रेस्टिकचाच रेस्ट-सर्व्हर असू द्या आणि --अपेंड-ओन्ली लावा. मेल सर्व्हर कुणी ताब्यात घेतला तरी जुने बॅकअप त्याला पुसता येणार नाहीत. छाटणी पलीकडच्या यंत्रावरूनच करा, आठवड्यातून एकदा: रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२. छाटण्याआधी यादीवर नजर टाका. अनोळखी किंवा पुढच्या तारखेचा बॅकअप दिसला तर थांबा.

वीज गेली आणि बॅकअप मधेच मेला तर कुलूप तसंच राहतं. रोजचा बॅकअप कुलूप असतानाही चालतो, छाटणी अडते. जागा भरत जाते आणि महिन्यानं कळतं. छाटणी नापास झाली की मेल येईल अशी सोय करा, अर्थात तो मेल दुसऱ्या सर्व्हरच्या पत्त्यावर. कुलूप रेस्टिक अनलॉकनं निघतं.

परत आणून बघणं

तपासणीही पलीकडेच चालवा, लाइन खर्च होत नाही. --रीड-डेटा-सबसेट १/३० पासून ३०/३० पर्यंत रोज एक भाग, महिन्यात सगळं भांडार वाचून होतं.

महिन्यातून एकदा एक मेलबॉक्स, दरवेळी वेगळा, चाचणीच्या यंत्रावर आणा. डोव्हअॅडमिन मेलबॉक्स स्टेटसनं फोल्डरवार मेलची संख्या काढा आणि त्या तारखेच्या मूळ संख्येशी लावा. ती मूळ संख्या मिळावी म्हणून रोज स्नॅपशॉटच्या आधी सगळ्यांची संख्या एका फाइलमध्ये लिहून तीही बॅकअपमध्ये टाका. मराठी-कन्नड नावांचे फोल्डर मेल प्रोग्राममध्ये नीट वाचता येतात का तेही याच वेळी बघा. जिथे आणताय त्या डिस्कवर डीएफ आय (df -i) चालवून आयनोड (फायलींच्या नोंदीच्या जागा) मोजा: एक्स्ट४ मध्ये मूळ हिशेब १६ केबीला एक असतो, आणि दोन-दोन केबीच्या सूचनांनी भरलेल्या पेटीत जागा शिल्लक असताना आयनोड संपतात.

सगळंच आणायची वेळ आली तर खाली येणारा वेग मोजा. १०० एमबीपीएसवर ५०० जीबीला अकरा तास. तोवर लोक थांबणार नाहीत, म्हणून क्रम आधीच ठरवून कागदावर ठेवा: आधी सेटिंग्ज आणि यूजरांचा डेटाबेस, म्हणजे नवे मेल यायला लागतील, मग प्रत्येकाचा इनबॉक्स, वर्षवार आर्काइव्ह शेवटी, रात्रीतून.